लेणी कोणी कोरली? : गांधारपाल्यापासून अनुराधपुरापर्यंत



इतिहासावर बोलण्याचा अधिकार आम्हांस पदवीने मिळालेला नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत, मिळतील ती पुस्तके वाचून झाले. परंतु तीस वर्षे कामगारांत काढल्यामुळे एक सवय अंगी जडली आहे. कारखान्याची चिमणी असो, धरणाची भिंत असो की देवळाचे शिखर, आम्ही प्रथम विचारतो : हे काम कोणी केले, आणि त्याला त्याचे काय मिळाले? आज हाच प्रश्न आपल्या उशाशी असलेल्या लेण्यांना विचारून पाहावयाचा आहे. त्यासाठी श्रोत्यांस थोडे दूर, समुद्रापलीकडे लंकेतही न्यावे लागेल. कारण पाल्याच्या भिंती जे सांगत नाहीत, त्यातले थोडेबहुत तिथले अवशेष सांगतात.

महाडहून मुंबईच्या रस्त्याला लागले की गावाबाहेर पडतो न पडतो तोच गांधारी नदीच्या काठी पाले गाव येते. वरच्या डोंगराच्या कड्यात सुमारे तीस लेणी, खाली-वर अशा दोन ओळींत कोरलेली आहेत. एस. टी.च्या खिडकीतून आपण सर्वांनी ती शेकडो वेळा पाहिली आहेत. वर चढून गेलेले किती, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. दुसऱ्या बाजूस, सावित्री ओलांडून गेले की कोल गावाच्या मागच्या टेकडीत आणखी दोन लहान गट आहेत. ती लेणी साधी आहेत, बरीच ढासळलेली आहेत, परंतु त्यांतही तीन लेख सापडले आहेत.

ही जागा भिक्षूंनी का निवडली? डोंगराला वैराग्य असते म्हणून, असे कोणी म्हणेल. आम्ही नकाशाकडे बोट दाखवू. सावित्री महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून महाडला येते, येथे तिला गांधारी मिळते, आणि पुढे दासगावावरून ती बाणकोटच्या खाडीने समुद्र गाठते. भरतीच्या पाण्यावर गलबते आत येत आणि माल उतरवीत. तेथून बैलांचे तांडे एकीकडे वरंधच्या घाटाने, दुसरीकडे पोलादपूरवरून पारघाटाने देशावर चढत. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका सागरी प्रवासवर्णनात या किनाऱ्यावरील बंदरांची जी यादी आहे, तीत पालैपटमै असे एक नाव येते. ते आपले पालेच असावे, असे अनेक विद्वानांचे मत आहे. म्हणजे लेणी होती ती वाहत्या व्यापारी वाटेवर. भिक्षूला भिक्षा हवी, तांड्याला विसावा हवा, व्यापाऱ्याला पुण्य हवे. या तिन्ही गरजा जेथे भेटल्या तेथे डोंगर कोरला गेला. पोलादपूरकरांनी हा वारसा महाडचा म्हणून सोडून देऊ नये. घाटाची वाट त्यांच्या दारावरून गेली नसती, तर पाल्याला लेणे कोरावयास पैसा कोठून येता?

उंचीचा गुण आणखी एक. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहून काढावयाचे, असा त्यांचा नियम होता. कोकणातला पावसाळा काय असतो हे आम्ही महाडकरांस सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी बाजारपेठेत चढले तेव्हा ती जुनी निवड किती शहाणपणाची होती, याची खूण पटली.

आता लेख पाहू. पाल्याच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत, त्या वेळच्या बोलीत, एक दानलेख आहे. कुमार काणभोअ विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या दिल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंस पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या आणि लेण्यापर्यंतची वाट दिली, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या एका लेखात लेण्याबरोबर शेतजमीन दिल्याची नोंद आहे. कोलच्या लेखांत संघरक्षित नावाचा श्रेष्ठी भेटतो, शिवदत्त नावाचा गृहस्थ भेटतो, आणि धर्मश्री नावाची स्त्री भेटते. काळ अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, सातवाहनांच्या आगेमागेचा.

या लेखांत एक गोष्ट आम्हांस फार आवडते. राजपुत्र दान देतो ते सोन्याचे नाही, गायींचे नाही. तो खोली देतो, पाणी देतो आणि रस्ता देतो. आजही कोणत्याही वस्तीचे मागणीपत्र लिहावयास बसलो तर पहिली तीन कलमे हीच येतील.

परंतु आमचा प्रश्न तसाच राहिला. काणभोअ कुमाराने दिले, कोरले कोणी?

पाल्याच्या पहिल्या मोठ्या लेण्याचे दालन सुमारे ५७ फूट रुंद आणि ३५ फूट खोल आहे. उंची आठच फूट धरली, तरी एवढ्या दालनातून जवळजवळ सोळा हजार घनफूट दगड बाहेर काढावा लागतो. आपला काळा पाषाण घनफुटाला ऐंशी किलोच्या घरात भरतो. म्हणजे बाराशे टनांहून अधिक दगड, आणि तोही फक्त एका दालनाचा. सुरुंगाची दारू नाही, यंत्र नाही. छिन्नी, हातोडा आणि खांदा. लेणे कोरावयाचे ते वरून खाली : आधी छताची पातळी धरावयाची, मग उतरत जावयाचे, म्हणजे परांची बांधावी लागत नाही. खांब बाहेरून आणून उभा करावयाचा नसतो. तो डोंगरातच असतो, त्याच्याभोवतीचा दगड काढावयाचा असतो. एक घाव चुकला तर तुकडा परत चिकटत नाही.

या लेण्याच्या ओसरीत काम अर्धवट राहिलेले दिसते. घडवून पुरा झालेला खांब एका टोकाला आहे आणि बाकीचे चौकोनी ठोकळ्यांच्या रूपात तसेच उभे आहेत. पंडितांस हे वैगुण्य वाटेल. आम्हांस मात्र साऱ्या लेण्यात ही जागा अधिक बोलकी वाटते. येथे काम थांबले. पैसा संपला असेल, दाता गेला असेल, किंवा कारागिरांस दुसरीकडे बोलावणे आले असेल. कारण काहीही असो, एके दिवशी संध्याकाळी हत्यारे गोळा करून माणसे डोंगर उतरली आणि परत चढली नाहीत. बंद पडलेल्या कारखान्याच्या दारात ज्याने कधी उभे राहून पाहिले आहे, त्याला त्या ठोकळ्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वृद्ध पाथरवटाला मुद्दाम बरोबर घेऊन वर गेलो होतो. अक्षर न ओळखणारा गृहस्थ. परंतु भिंतीवरून हात फिरवीत तो वाचू लागला. येथे घाव उजवीकडून आला आहे, येथे माणसाला वाकून काम करावे लागले, या कोपऱ्यात हात बदलला आहे, येथे छिन्नी बोथट झाली होती आणि तरी गडी थांबला नाही. ब्राह्मीतले लेख पंडितांनी वाचले. छिन्नीचे लेख वाचणारी माणसे आपल्यातच आहेत. त्यांना कोणी विचारलेले नाही, एवढेच.

तथापि कारागिरांची नावे सर्वत्रच बुडाली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात, एका मूर्तीजवळ कोरले आहे की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. गुरूचे नाव आहे, शिष्याचे आहे. पितळखोऱ्याच्या यक्षावर कण्हदास नावाच्या सोनाराने आपली सही ठेवली आहे. कार्ल्याच्या चैत्याचे दार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केले, असे तेथील लेख सांगतो. आणि दात्यांतही सगळे राजपुत्र नव्हते. मांदाडजवळच्या कुडे लेण्यांत एक लेणे कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेले आहे, आणि एक माळ्याने. फुले विकणाऱ्या माणसाने डोंगरात खोली कोरवून दिली! त्या काळी कष्ट करणाऱ्याच्या हाती चार पैसे उरत होते आणि त्याचे नाव दगडावर घालण्याची लाज कोणास वाटत नव्हती, एवढे तरी यावरून निश्चित होते.

नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा लेख तर कामगार चळवळीतल्या प्रत्येकाने वाचावा. राजा नहपानाचा हा जावई. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले : एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालावयाचा. श्रेणी म्हणजे आजची युनियन, असे आम्ही म्हणणार नाही. श्रेणीजवळ भांडवल होते, आमच्याजवळ वर्गणीची पावतीपुस्तके आहेत. परंतु राजघराण्याने आपली ठेव विणकरांच्या संघटनेकडे विश्वासाने ठेवावी, एवढी पत त्या संघटनेची होती, ही गोष्ट लहान नाही.

आता मजुरीकडे येऊ. वेठबिगार या देशात किती जुनी? जुनागढच्या खडकावर इ. स. १५० च्या सुमाराचा रुद्रदामन राजाचा लेख आहे. फुटलेले सुदर्शन तळे त्याने पुन्हा बांधले, आणि ते करताना प्रजेवर कर, विष्टि किंवा प्रणय यांचा जुलूम केला नाही, सारा खर्च आपल्या खजिन्यातून केला, असे तो अभिमानाने सांगतो. विष्टि म्हणजे वेठ, प्रणय म्हणजे प्रेमाच्या नावाखाली घेतलेली वर्गणी. आता श्रोत्यांनीच विचार करावा. जी गोष्ट सगळेच राजे करीत, ती केली म्हणून कोणी शिलालेख कोरीत नाही. मजुरी देऊन काम करविले हे सांगण्याजोगे वाटले, म्हणजे न देता करविण्याची रीत सर्वसाधारण होती. आमच्या काणभोअ कुमाराच्या लेखात याविषयी एक अक्षर नाही. त्याने मजुरी दिली असेलही. परंतु रुद्रदामनाची बढाई कानी पडल्यावर हे मौन आम्हांस खटकते.

येथेच लंकेची गोष्ट येते. महावंस हा लंकेचा जुना पाली इतिहासग्रंथ. त्यातील कथेप्रमाणे अशोकाच्या काळी पाटलिपुत्राच्या धर्मसभेनंतर देशोदेशी भिक्षू पाठविले गेले. योन धम्मरक्खित अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात आला, आणि महिंद लंकेत गेला. एकाच निरोपाचे दोन वाटसरू. लंकेचा पहिला राजा विजय हाही वाटेत सुप्पारकला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला, उतरला होता असे तोच ग्रंथ म्हणतो. कथा कथेच्या जागी असू द्या. सोपाऱ्यास अशोकाच्या आज्ञांचे तुकडे १८८२ आणि १९५६ साली सापडले, हे मात्र प्रत्यक्ष आहे. आणि लंकेच्या डोंगरांत नैसर्गिक गुहांच्या कपाळावर ब्राह्मीत कोरलेले हजारावर दानलेख आहेत. त्यांत सरदार आहेत, गावप्रमुख आहेत, उपासिका आहेत, आणि लोहार व इतर कारागीरही आहेत. दान चारी दिशांच्या संघाला, आलेल्यांना आणि येणाऱ्यांना, असे त्यांचे ठरीव शब्द. लिपी सख्खी, भाषा शेजारची. कोलची धर्मश्री तेथे जाती तर तिला तो लेख ओळखीचा वाटता.

अनुराधपूर ही त्या बेटाची हजार वर्षांहून अधिक काळची राजधानी. तेथे आपल्यासारखा पोकळ केलेला डोंगर नाही. तेथे विटांचे डोंगर उभे केलेले आहेत. महासेन राजाचा जेतवन स्तूप मुळात ४०० फुटांच्या घरात उंच होता. परंतु त्याहून मोठे काम पाण्याचे. त्या भागात पाऊस थोडा आणि ठराविक महिन्यांचा, म्हणून राजांनी आणि गावकऱ्यांनी तळ्यांची माळ गुंफली. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव हा प्रचंड तलाव बांधला आणि पन्नासाहून अधिक मैलांच्या कालव्याने त्याचे पाणी अनुराधपुरास आणले. त्या कालव्याच्या काही भागांत उतार मैलाला सहा इंच इतकाच आहे. दुर्बिणी नसताना ही पातळी ज्यांनी साधली, त्या मातीखोद्यांची नावे कोठेही नाहीत.

मात्र मजुरीविषयी महावंस बोलतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजाने महास्तूप बांधावयास घेतला, तोच आजचा रुवनवेलिसाय. तेव्हा त्याने आज्ञा केली की येथे कोणी फुकट काम करावयाचे नाही. चारी दारांशी नाणी, वस्त्रे, दागिने, अन्न, पेय आणि गूळ ठेवविला, आणि काम करील त्याने त्यातून घ्यावे असे ठरविले. एका भिक्षूने पुण्यात वाटा मिळावा म्हणून स्वतः कालविलेल्या मातीचा गोळा गुपचूप कामात मिसळला. राजाला ते कळले, तेव्हा त्याने युक्तीने त्या भिक्षूलाही मोबदला पोहोचविला, अशी गमतीची गोष्टही तेथे आहे.

आम्ही ही कथा जशीच्या तशी गिळणार नाही. ग्रंथ लिहिला गेला तो राजाच्या कित्येक शतकांनंतर, आणि लिहिणारे राजाचे स्तुतिपाठकच. लंकेतही राजकार्य नावाची सक्तीची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि ती रद्द व्हावयास १८३० नंतरची वर्षे उजाडावी लागली. परंतु कथेत एक बीज खरे आहे. वेठीच्या कामावर पुण्य उभे राहत नाही, ही जाणीव त्या लोकांच्या मनात होती. म्हणून आपला आदर्श राजा त्यांनी मजुरी देणारा रंगविला. एखाद्या समाजाचे मोल तो कोणाला थोर म्हणतो यावरूनही करता येते.

आणखी एक गोष्ट लंकेपासून घेण्यासारखी. अनुराधपूर दहाव्या शतकाच्या अखेरीस चोळांच्या स्वारीत मोडले, राजधानी पोलोन्नरुवास गेली, जुन्या शहरावर रान वाढले. रुवनवेलिसाय झाडाझुडपांची टेकडी होऊन बसला होता. विसाव्या शतकात लोकांनी वर्गणी जमवून तो पुन्हा बांधला आणि १९४० साली त्याचा कळस चढविला. अवशेष हे सरकारचे, आणि दुर्लक्षही सरकारचे, असे म्हणून ते लोक स्वस्थ बसले नाहीत.

आता परत आपल्या गावी येऊ. पाल्याच्या लेण्याशेजारी पाण्याच्या पोढ्या कोरणारे हे गाव. आणि याच गावात १९२७ साली माणसांना तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर पाणी होते, ओंजळीत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे कज्जा चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. त्या परिषदेच्या तयारीत झटणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे आपल्याच तालुक्यातले. पुढे त्यांनी आपले आयुष्य कामगार चळवळीला दिले. आम्ही ज्या वाटेने चालतो ती अशा माणसांनी पाडलेली वाट आहे.

डिसेंबर १९२७ च्या परिषदेनंतर बाबासाहेबांनी येथील बौद्धकालीन लेणी पाहिली. भिक्षू जेथे बसत त्या दगडी आसनांचा मान राखावा, असे त्यांनी सोबत्यांस सांगितल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. मे १९५० मध्ये ते लंकेत बौद्धांच्या जागतिक परिषदेस गेले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी धर्मांतर केले. पाल्याचा डोंगर आणि लंका यांना जोडणारी जी वाट अशोकाच्या काळी पडली होती, ती विसाव्या शतकात पुन्हा अशी उजळली. हा योगायोग म्हणून सोडून द्यावा, असे आम्हांस वाटत नाही.

मग आपण काय करावे? आमच्या मनात मोठ्या योजना नाहीत. पहिली गोष्ट : लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने आणि रंगाने आपली नावे लिहिण्याचे बंद व्हावे. ज्यांनी भिंत कोरली त्यांचे नाव तेथे नाही; पाहुण्याने आपले लिहावे, हा उद्धटपणा आहे. दुसरी : शाळांनी वर्षातून एकदा मुलांना पाल्यास आणि कोलास न्यावे, आणि गुरुजींबरोबर एक पाथरवटही न्यावा. सनावळी गुरुजी सांगतील, घाव पाथरवट सांगेल. तिसरी : पोलादपूरकरांनी आपल्या घाटवाटांची जुनी माहिती, टाकी, पायऱ्या, खोदीव खुणा, म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून काढावी. शिवभारताचा कर्ता कवींद्र परमानंद याची समाधी पोलादपुरात आहे. राजाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या गावाने वाटसरूंचा आणि हमालांचा इतिहास लिहिला, तर ते त्या समाधीला शोभेलच.

चौथी गोष्ट आमच्या धंद्यातली आहे, आणि खरे सांगावयाचे तर तिच्यासाठीच आम्ही एवढा डोंगर चढलो. आज आपल्या परिसरात पूल होतात, रस्ते होतात, कारखाने उभे राहतात. कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव असते, ठेकेदाराचे असते. आत काम करणारा माणूस ठेकेदाराच्या ठेकेदाराकडचा असतो, आणि पुष्कळदा त्याचे नाव हजेरीपटावरही नसते. त्याला दुखापत झाली म्हणजे तो येथे कामालाच नव्हता, असे सांगण्यात येते. आम्ही असे प्रसंग लढविले आहेत. नाव नसलेल्या माणसाची भरपाई मागणे किती कठीण असते हे आम्हांस ठाऊक आहे. कोंडाण्याच्या बलकाला आपले नाव दगडावर मिळाले. त्याच्यानंतर दोन हजार वर्षांनी आम्ही नुसते कागदावर मागतो आहोत : हजेरीपटावर नाव, पगाराच्या पावतीवर नाव, विम्याच्या पुस्तकावर नाव. ही मागणी पुरी करण्यास ना डोंगर फोडावा लागतो ना कलावेव बांधावा लागतो.

पाल्याच्या ओसरीतले अर्धे खांब आता कोणी पुरे करू शकणार नाही, आणि करूही नयेत. ते घडविणारे कोण होते, हेही आता कळावयाचे नाही. परंतु आपल्या हयातीत, आपल्या डोळ्यांदेखत जी कामे चालली आहेत, त्यांतली माणसे अजून हयात आहेत. त्यांची नावे विचारून घेता येतात. ती विचारावीत आणि लिहून ठेवावीत, एवढी विनंती आहे.